दुभंगलेल्या ओठाचं बाळ वाढवताना

माझी मुलगी आता तिसरीत आहे. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि तोंडाच्या आतली टाळूही. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते. पण कराडच्या आमच्या घरात असं बाळ कुणी पाहिलेलं नव्हतं. आता कुणाच्या भाचीला, कुणाच्या शेजारणीला असं बाळ झालं की मला विचारणा होते. घाईघाईत जे सांगते आणि जे सांगायचं राहून जातं, ते इथे सावकाश लिहिते आहे. तुमचं बाळ वेगळं असेल, घर वेगळं असेल. तुमचे धडेही तुमचेच असतील.

१. सगळे चेहऱ्याकडे बघत असतात तेव्हा बाळाला फक्त भूक लागलेली असते. हे कळलं तेव्हा माझं रडणं थांबलं, कारण करण्यासारखं काहीतरी हाती आलं. टाळू दुभंगलेली असली की तोंड आणि नाक यांच्यामध्ये आडोसा राहत नाही. बाळ जीव खाऊन ओढायला जातं, पण तोंडात ओढच तयार होत नाही. तासभर छातीशी राहून ते दमतं आणि झोपी जातं. बघणाऱ्याला वाटतं, पोट भरलं म्हणून झोपलं. खरं काय ते वजनकाटा सांगतो. वॉर्डातल्या एका सिस्टरनी मला पाजायला शिकवलं. दूध काढायचं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, डोकं आपल्या हाताच्या आधारावर. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं तोंडात सोडायचं आणि गिळल्याचं दिसलं की मगच पुढचं. मध्येमध्ये थांबून ढेकर काढायची, कारण ही बाळं दुधाबरोबर खूप हवा गिळतात. नाकातून दूध आलं तर थांबायचं, पुसायचं, श्वास घेऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. पाजताना बाळ निळसर दिसू लागलं किंवा सारखं गुदमरू लागलं तर मात्र तडक डॉक्टरांकडे न्यायचं. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासाच्या आसपास आटपावं. त्याहून जास्त वेळ लागला तर पोटात गेलेलं दूध पिण्याच्या मेहनतीतच खर्ची पडतं. आडवं झोपवून कधीच पाजायचं नाही. एवढं पहिल्या दिवशी कुणी शिकवलं तर पुढचे कितीतरी दिवस सोपे जातात.

२. अंगावर पाजता आलं नाही याचं दुःख खरं असतं, ते लगेच पुसून टाकायची गरज नाही. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ बाळं थोड्या मदतीने अंगावर पितात. टाळूही दुभंगलेली असेल तर बहुतेकींना दूध काढूनच द्यावं लागतं. रात्री घर झोपलेलं असताना उठायचं, दूध काढायचं, भांडी उकळायची, पाजायचं. हे आटपेपर्यंत पुढची वेळ झालेली असायची. त्या रात्रींमध्ये मला फार एकटं वाटायचं. मग लक्षात आलं, चमच्याने पाजणं माझ्याशिवाय इतरांनाही जमू शकतं. माझा नवरा ते शिकला आणि कधीकधी माझ्याहून निवांतपणे करू लागला. सासरे पहाटे फिरून आले की हात धुऊन मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, ‘दे तिला इकडे.’ आमच्या घरात त्याआधी कुठल्याही पुरुषाने तान्ह्या बाळाला पाजलेलं नव्हतं. माझ्या लेकीला इतक्या हातांनी भरवलं गेलं, ते या अडचणीमुळेच. आणि छातीशी धरायचं सुखही माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही. पोट भरल्यावर ती छातीशी नुसती पडून राहायची. तेव्हा तिला दूध नको असायचं, मी हवी असायचे.

३. बाळाच्या ओठाचा हिशोब आईकडेच मागितला जातो. ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ असं मला चुलतसासूबाईंनी विचारलं, तेही खोलीचं दार लोटून, आवाज बारीक करून. त्यांच्या मनात माया होती, पण त्या प्रश्नाने मी आठवडाभर झोपले नाही. दुसऱ्या कुणाला गरोदरपणातल्या प्रवासाचा संशय होता, कुणाला पपईचा. बाळाच्या वडिलांना असं काहीही विचारलं गेलं नाही. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून नीट सांगितलं. गरोदरपणाच्या साधारण ४ ते ७ आठवड्यांत ओठ घडतो आणि ६ ते ९ आठवड्यांत टाळू. दोन्ही बाजूंनी वाढत आलेले भाग मध्ये जुळायचे राहिले की फट राहते. म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं, तेवढ्यात हे घडूनही गेलेलं असतं. कारण बहुधा एक नसतं. काही भाग आनुवंशिक असतो. धूम्रपान, आईचा आधीपासूनचा मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधं यांनी शक्यता वाढते. ग्रहणाचा, सुरीचा, पपईचा त्यात काही वाटा नाही. बहुतेक आयांना आपल्या बाळापुरतं कारण कधीच सापडत नाही, मलाही सापडलं नाही. ज्यांना पुढचं मूल हवं आहे त्यांनी दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. फेफऱ्याची औषधं चालू असतील तर ती मनाने बंद न करता आधी सल्ला घ्यावा. आईवडिलांपैकी कुणालाच हा दोष नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता साधारण १०० मध्ये २ ते ५ इतकी धरतात. मला त्या आकड्याने धीर आला. माझ्या ओळखीच्या एका आईला त्याच आकड्याने भीती वाटली. दोघींचंही बरोबर आहे.

४. बाळाचं तोंड झाकायचं की नाही, हे बाळ ठरवत नाही, घर ठरवतं. दवाखान्याच्या बाकावर मला भेटलेल्या कितीतरी आया दुपट्टा बाळाच्या नाकापर्यंत ओढून बसायच्या. एसटीत, लग्नात, देवळात, सगळीकडे तसंच. एकीच्या सासरी बाळाचं बारसंच केलं नव्हतं, ‘ऑपरेशन झाल्यावर बघू’ म्हणून. आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. बारशाला बायका जमल्या, पाळण्याभोवती कुजबुज सुरू झाली, तशा त्या पुढे झाल्या. त्यांनी टोपरं नीट केलं, दुपट्टा खाली घेतला आणि म्हणाल्या, ‘नाव ठेवायला आलात ना? मग आधी तोंड बघा तिचं.’ सगळ्यांनी बघितलं. थोड्या वेळाने पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या गेल्या, नेहमीसारखंच सगळं झालं. लोकांची नजर एकदा स्थिरावली की पुढच्या वेळी ती तितकी बोचत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. सासूबाई फार शिकलेल्या नाहीत. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धैर्याचं काम मी त्यांना करताना पाहिलं आहे.

५. वाट बघणं हा उपचारांचाच भाग आहे. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘मग ऑपरेशन कधी?’ जणू आपणच ते लांबवतो आहोत. सर्जन मंडळींमध्ये दहाचा नियम म्हणून एक जुना ठोकताळा आहे: बाळाचं वय निदान १० आठवडे, वजन साधारण १० पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. ओठाचं ऑपरेशन बहुतेक ठिकाणी ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान होतं, टाळूचं साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. तोवर आपण वजन वाढवायचं, सर्दी-खोकल्यापासून जपायचं, लसी वेळेवर द्यायच्या. काही बाळांना या काळात तोंडात बसणारी छोटी प्लेट आणि गालांवर ओढून लावलेल्या चिकटपट्ट्या देतात. हिरडीचे दोन भाग आणि नाकपुडी हळूहळू जागेवर यावी म्हणून दाताचे डॉक्टर ती प्लेट सारखी थोडी थोडी घासून बदलत राहतात. सगळ्यांनाच ती लागत नाही. आम्हाला लागली. गालाची कातडी सोलवटायची, लेक प्लेट ओकून काढायची, आणि आम्ही पुन्हा पुण्याची एसटी पकडायचो. पण त्या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट दिसली. हिरडीतलं अंतर डोळ्यांदेखत कमी होत होतं. बाळाचं शरीर स्वतः जुळून यायला तयार असतं, त्याला वेळ आणि दिशा द्यावी लागते.

६. ऑपरेशनच्या दिवशी सर्वांत कठीण असतं उपाशी बाळाला सांभाळणं. भूल देण्याआधी आईचं दूध साधारण ४ तास आणि वरचं दूध ६ तास बंद ठेवतात. पोटात दूध असलं तर भुलेत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून हा नियम मोडायचा नसतो. पण हे बाळाला कसं सांगणार? इतके महिने जिच्या घोटाघोटाचा हिशोब ठेवला, तिला रडताना बघूनही चमचा उचलायचा नाही. आम्ही आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरलो. शेजारच्या खाटेवरची नांदेडकडची आजी नातवासाठी ओवी म्हणत होती, तिच्या आवाजावर आमचीही थोडी शांत झाली. ऑपरेशननंतर टाक्यांना हात लागू नये म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतात, त्या बघून मला भरून आलं. पण दुखण्याचं औषध वेळेवर मिळालं की ही बाळं आपल्याला वाटतं त्याहून लवकर सावरतात. टाळूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं असतं. पेज, वरणाचं पाणी, नाचणीचं पातळ सत्त्व यांवर आमचं छान निभावलं. खाण्यानंतर दोन घोट पाणी पाजायचं, म्हणजे टाके स्वच्छ राहतात. बिस्कीट, टोस्ट, चमच्याचं टोक, खेळण्यातली शिट्टी, तोंडात टोचेल असं सगळं नजरेआड ठेवायचं.

७. ओठ शिवल्यावर मला माझ्या बाळाचं आधीचं हसू आठवायला लागलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिचं ते हसू रुंद होतं, अर्ध्या चेहऱ्यावर पसरणारं. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली ती त्याच ओठाने. ऑपरेशननंतर तिला माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा सगळे म्हणाले, ‘किती सुंदर दिसते!’ मी मात्र क्षणभर तिच्याकडे परक्या बाळाकडे बघावं तशी बघत राहिले. कृतज्ञता होती, आनंद होता आणि त्याच वेळी काहीतरी हरवल्यासारखंही होतं. पुढे इतर आयांशी बोलले तेव्हा जवळजवळ प्रत्येकीने हेच सांगितलं, तेही जरा बिचकत. जो ओठ बरा व्हावा म्हणून आपण नवस बोलतो, त्याच ओठावर आपला जीव जडलेला असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, ऑपरेशनच्या आधीचे फोटो काढा, भरपूर काढा आणि जपून ठेवा. आमच्या हॉलमध्ये तिचा तान्हेपणाचा फोटो लावलेला आहे. तो बघून तीच पाहुण्यांना सांगते, ‘ही मी.’

८. ओठाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कानांकडे कुणाचंच नसतं. टाळूचे स्नायू कानाच्या मधल्या भागाला हवा पोचवणारी नळी उघडायला मदत करतात. टाळू दुभंगलेली असली की ते काम नीट होत नाही. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही. थाळी वाजवली की बाळ दचकतं आणि आपण म्हणतो, कान चांगले आहेत. पण हळू बोललेलं, दुरून बोललेलं त्याला ऐकू येत असेलच असं नाही. आणि जे नीट ऐकू येत नाही ते बोलायला तरी कसं येणार? म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे नियमित तपासणी आणि श्रवणचाचणी हवीच. पाणी साठत राहिलं तर पडद्याला बारीक छिद्र पाडून त्यात इवलीशी नळी बसवतात. ते काम कधीकधी टाळूच्या ऑपरेशनबरोबरच, एकाच भुलेत, उरकता येतं. ही गोष्ट आपणहून विचारावी.

९. टाळू शिवली म्हणजे बोलणं आपोआप येत नाही. तो पुढचा संयम आहे. प, ब, ट, द, क, ग हे आवाज काढायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळूला फट असली की ती हवा नाकातून निसटते. म आणि न मात्र नाकातून हवा जाऊनच उमटतात, म्हणून ते जमतात. आमच्या लेकीचं ‘बाबा’ म्हणूनच ‘मामा’सारखं ऐकू यायचं. माझा भाऊ त्यावर खूश असायचा. तिचे बाबा हसून घ्यायचे, पण त्यांचा जीव त्या एका हाकेसाठी तळमळत होता. टाळूचं ऑपरेशन बोलणं रुळण्याच्या आधी करतात ते यासाठीच. त्यानंतरही काही मुलं हवा घशातच अडवून बोलायची सवय लावून घेतात, आणि ती सवय सोडवायला वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. आमच्या उपचारतज्ज्ञ बाई लेकीच्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या. ‘पपई पिकली’ म्हणताना आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून जाते आहे, हे तिला स्वतःलाच दिसायचं. फुगे फुगव, शिट्टी वाजव, मेणबत्ती विझव, असे सल्ले आम्हाला खूप मिळाले होते. बाईंनी समजावलं की फुंकण्याने बोलणं सुधारत नाही. जो आवाज हवा आहे तोच आवाज नीट काढायचा सराव हवा. तो सराव आम्ही पोळ्या लाटताना केला, आंघोळीत केला, जिना चढताना पायरीगणिक केला. मुंबईत वांद्र्याला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण या दोन्हींचे उपचार होतात. त्या बाजूच्या आयांना मी तिथलं नाव सांगते. ‘बाबा’ स्वच्छ उमटलं त्या संध्याकाळी घरात कुणीच काही बोललं नाही. तिचे बाबा आत जाऊन तोंड धुऊन आले आणि पुन्हा म्हणाले, ‘काय म्हणालीस?’

१०. पैशांअभावी हे ऑपरेशन थांबावं अशी आज गरज नाही, पण माहितीअभावी ते थांबतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात, आणि दुभंगलेला ओठ व टाळू त्यांच्या यादीत आहे. १९९९ साली सुरू झालेली ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था ठिकठिकाणच्या रुग्णालयांना आणि तिथल्याच डॉक्टरांना मदत करून ही ऑपरेशनं मोफत करवते. मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी नावाच्या मुलीवरचा ‘स्माइल पिंकी’ हा माहितीपट अशाच एका ऑपरेशनची गोष्ट सांगतो. त्याला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं आणि २०१३ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्याची नाणेफेक पिंकीच्या हातून झाली. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून येऊन गावोगावी मोफत शिबिरं घेत. अपघाताने ते चाकाच्या खुर्चीला खिळले होते, आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज गेल्यावर यंत्राच्या मदतीने बोलत होते. तरीही ते मुलांचे ओठ शिवत राहिले. आमच्या गावाकडच्या एका काकांचं ऑपरेशन मोठेपणी अशाच एका शिबिरात झालं. माझ्या लेकीला बघायला ते मुद्दाम आले आणि म्हणाले, ‘मला लग्नाच्या वयापर्यंत थांबायला लागलं. हिला नाही लागणार.’ ऑपरेशन मोफत असलं तरी बुडालेला रोज, एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण हे खर्च उरतातच. ज्यांना मदत करायची इच्छा आहे त्यांनी हा भाग उचलावा.

११. हा एका ऑपरेशनात संपणारा मामला नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याला पुढचं विचारा. हिरडीतली फट भरायला साधारण ७ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळे उगवायच्या आधी, कमरेच्या हाडातला थोडा भाग तिथे बसवतात. दात वाकडे येतात, त्यांना तार लागते. कुणाला बोलण्यासाठी, कुणाला नाकासाठी पुन्हा टेबलावर जावं लागतं. आमची आता हाडाच्या ऑपरेशनची तयारी चालू आहे. लहानपणी निर्णय आमचे होते, आता ती प्रश्न विचारते. ‘माझ्याच ओठावर रेघ का?’ या प्रश्नाला मी तिला खरं उत्तर दिलं: पोटात असताना तुझा ओठ जुळायचा राहिला, मग डॉक्टरांनी तो शिवला, ही त्या शिवणीची खूण आहे. तिने आरशात पाहिलं आणि विचारलं, ‘शिवताना मी रडले होते का?’ मी म्हटलं, ‘शिवताना तू झोपली होतीस. रडत आम्ही होतो.’ शाळेत कुणी विचारलं की ती हेच सांगते, एवढ्याच शब्दांत, आणि खेळायला पळते. खरी गोष्ट लहान वयात, साध्या शब्दांत आणि आपल्या तोंडून कळली की मुलाला ती लपवावी लागत नाही.

१२. शेवटचं सांगणं तुम्हाला, ज्यांच्या घरी असं बाळ नाही पण कधीतरी नात्यात, शेजारी, ओळखीत होईल. त्या बाळंतिणीला भेटायला जा. खोलीत शिरल्यावर आधी अभिनंदन करा, कारण तिला ते बहुधा कुणीच केलेलं नसतं. बाळाला हातात घ्या, तोंडाकडे बघा आणि इतर बाळांशी बोलता तसंच त्याच्याशी बोला. दूध कसं पाजते आहेस, वजन वाढतंय का, हे विचारा; पाजायला कुणी शिकवलं नसेल तर शिकवणारी परिचारिका किंवा बालरोगतज्ज्ञ त्याच दिवशी शोधून द्या. जिल्हा रुग्णालयात, अंगणवाडीत, आशाताईंकडे कुठल्या सोयी आहेत याची चौकशी तुम्ही करा, कारण तिला तेवढी ताकद नसते. रात्रीचं एखादं पाजणं तुमच्यावर घेता आलं तर तिला तेवढी झोप मिळेल. ग्रहणाचा विषय कुणी काढला तर तिथेच थांबवा, तिच्यासमोर आणि स्पष्ट शब्दांत. ऑपरेशनचं डॉक्टर बघतील. पहिला आठवडा तुम्ही सांभाळा.